जोडीदाराचं हाय

आमचे मामा, म्हणजे माझे सासरे दगडोबा, आयुष्यभर एकाच माणसावर जळले. दुसरा कुठला नाद त्यांना नव्हता. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, भजनाला जाणं नाही. लग्न होऊन मी लातूरला या घरात आले, त्या पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की सकाळचा चहा झाला की इथं बजरंगचा विषय निघतो आणि अंथरुणं पडेपर्यंत तो मिटत नाही. मला वाटलं, भाऊबंद असेल, बांधावरून भांडण असेल. तसं काही नव्हतं. बजरंग हा मामांचा जोडीदार. आडत बाजारात दोघांनी मिसरूड फुटल्यापासून एकाच पोत्याला दोन बाजूंनी हात घातलेला. मी त्याला तोंडावर काका म्हणते. इथं म्हणणार नाही.

हमालीत जोडी लागते. दोघं पोत्याची दोन टोकं धरतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर चढवतात. दोघांनी एकदमच उचललं पाहिजे. एकानं घाई केली तर दुसऱ्याची कंबर जाते. म्हणून जोडीतला एकजण ‘हूं’ म्हणतो आणि त्यावर पोतं हलतं. हूं आल्याशिवाय उचलायचं नाही, हा मार्केट यार्डातला पहिला धडा. मामांच्या जोडीत हूं बजरंगचं असायचं. ते ऐकून म्हणे पलीकडच्या दुकानातले हमालही आपापली पोती उचलायचे. मामांनी ते हूं मला किती वेळा करून दाखवलं असेल. भाकरी खाता खाता मधेच थांबायचे, छाती फुगवायचे, ‘हूं’ करायचे आणि लगेच मान हलवायचे. “न्हाई, असं न्हाई. त्याचं पोटातून यायचं.” मग भाकरी पुन्हा सुरू.

त्या आवाजावरच तो माणूस पुढारी झाला. आडत्यांसमोर बाकीचे हमाल खाली बघून बोलायचे, हा उभा राहून बोलायचा. हमालीचे दर त्यानं वाढवून घेतले, यार्डात पाण्याची टाकी बसवून घेतली, उन्हात जेवणाऱ्या बायाबापड्यांना पत्र्याची सावली करून घेतली. हे त्यानं केलं, नाही कशाला म्हणू. युनियनचा अध्यक्ष झाला आणि पोत्याला हात लावायचं बंद झालं. मामांना दुसरा जोडीदार मिळाला, तिसरा मिळाला, पण ते कायम बजरंगचेच जोडीदार म्हणून ओळखले गेले. “कोण दगडोबा?” “आरं, बजरंगच्या जोडीचा.” हे ऐकलं की मामांच्या कपाळाची शीर उडायची.

जळायला त्यांना काहीही पुरायचं. बजरंगचे दात या वयात शाबूत, मामांचे निम्मे गेलेले. बजरंगला मुलगी झाली तर यार्डभर पेढे वाटले गेले. मामांना मुलगा झाला, तो माझा नवरा बालाजी, आणि गूळ वाटला तो घरच्या घरीच. बजरंगच्या डोक्यावर केस, बजरंगच्या चपलेला वाजणारी टाच. एकदा मी वैतागून म्हटलं, “मामा, त्याच्या चपलेचं तुम्हाला काय?” तर म्हणाले, “तुला न्हाई कळायचं सिंधु. माझी चप्पल वाजत न्हाई.”

मग खांदा गेला. हरभऱ्याच्या पोत्यांची थप्पी ढासळली आणि वरची पोती मामांच्या उजव्या खांद्यावर आली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. युनियनचा औषधपाण्याचा फंड होता. दर पोत्यामागं हमालाच्या मजुरीतून त्यात कापून जायचं, मामांचंही जन्मभर गेलं होतं. मामा हात गळ्यात बांधून अध्यक्षाकडं गेले. बजरंग म्हणाला, “दगड्या, ह्या महिन्यात फंड जरा आटलाय, पुढच्या महिन्यात बघू.” पुढच्या महिन्यातही तेच. शेवटी रेणापूरकडच्या एका हाडं बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं तेल चोळून, बांबूच्या कांबी लावून बसवला. बसला तो वाकडाच. तेव्हापासून मामांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मी घरी शिवणकाम करते. मामांच्या सदऱ्याच्या उजव्या बाहीचा मुंढा मी दोन बोटं ढिला ठेवते, म्हणजे घालताना ओरडायची पाळी येत नाही. पोती सुटली, मामा यार्डात राखणीला बसू लागले.

त्याच उन्हाळ्यात बजरंगच्या मुलीचं, अंजूचं लग्न झालं. नांदेडचं मंगल कार्यालय, घोडा, बँड, बुंदीचे लाडू. माझं लग्न आमच्या गावी मारुतीच्या देवळापुढं झालं होतं, मांडव म्हणजे नुसतं ताडपत्रीचं पाल होतं आणि अर्धी पंगत उन्हात बसली होती. मी नवी नवरी, त्या कार्यालयातल्या पंख्यांकडं मान वर करून बघत बसले. जळणं या घरात सुनेलाही लागू होतं, ते मला त्या दिवशी लागलं. मामांनी डाव्या हातानं लाडू खाल्ले. पुढं वर्षा-दोन वर्षांनी फंडाची केस उभी राहिली, कोर्टात एकेक निघालं आणि औषधपाण्याचा पैसा त्या लग्नात गेला हे उघड झालं, तेव्हा मामांनी आपला उजवा खांदा चाचपला. मग म्हणाले, “म्हंजी म्या माझाच खांदा खाल्ला की सिंधु. वरून आणखी वाढा म्हणलो.”

बजरंगला शिक्षा झाली. आत गेला, भोगून आला. आता मला सांगा, चोरी करून आत गेलेला माणूस बाहेर येतो, तेव्हा त्यानं मागच्या गल्लीतून घरी जावं की नाही? याच्यापुढं हलगी वाजली. जुन्या हमालांनी हार घातले. “आपल्यासाठी भांडला, पोरीच्या लग्नात चुकला, कोण चुकत न्हाई?” गर्दीत कुणीतरी एक हार मामांच्याही हातात दिला आणि मामांनी तो घातला. घरी आले आणि जेवले नाहीत. चोरी झाली याचा त्यांना इतका राग नव्हता. चोराला हार पडला, आणि तो आपल्याच हातानं, हे त्यांना गिळवत नव्हतं.

त्याहून मोठं पुढं होतं. अध्यक्ष असतानाच बजरंगनं एक नियम करून ठेवला होता. ज्यानं युनियनचं पद सांभाळलं, त्याला थकल्यावर हयातभर दरमहा काही मिळावं. त्याला सगळे ‘विसावा’ म्हणायचे. हमालाला विसावा नाही, हमालाच्या पुढाऱ्याला आहे, हे आधीच कडू होतं. बजरंग आत जाऊन आला तरी त्याचा विसावा चालूच. तरुण पोरांनी विचारलं, शिक्षा झालेल्याला कसा? नियम वाचला. नियमात हयात हा शब्द होता, गुन्हा हा नव्हता. तो शब्द घालायचा ठराव आला की जुनी माणसं गलका करून पाडायची.

हयातीची खात्री करायची रीतही बजरंगचीच. वर्षाच्या सभेला यार्डातल्या मोठ्या शेडमध्ये विसावा घेणाऱ्यांची नावं पुकारायची. ज्याचं नाव त्यानं उठून, उजवा हात डोक्याच्या वर नेऊन, मोठ्यानं ‘हाय’ म्हणायचं. मागं कधीतरी मेलेल्या माणसाच्या नावावर गर्दीतून भलताच कुणी ओरडला होता, म्हणून हात लागायचा. आवाजही आणि हातही. ज्याला जमत नसेल त्याच्यासाठी त्याच्या जोडीदारानं उठून तसंच म्हणायचं. जोडीदारही उठला नाही तर विसावा बंद.

दरवर्षी बजरंगचं नाव आलं की तो असा काही ‘हाय’ म्हणायचा की शेडच्या पत्र्यात घुमायचं, आणि लोक टाळ्या वाजवायचे. शिक्षा झालेल्या माणसाच्या नुसतं जिवंत असण्याला टाळ्या! मामा दरवर्षी ते ऐकायला जायचे आणि दरवर्षी पोट दुखवून घेऊन यायचे.

गेल्या वर्षी बजरंगच्या घशाला रोग निघाला. नांदेडला अंजूनं आपल्या घरी ठेवून ऑपरेशन करवलं. माणूस वाचला, आवाज गेला. गळ्याला भोक ठेवलंय, त्यातून श्वास घेतो, असं कळलं. बातमी ऐकल्यावर मामा आधी “अरे अरे” म्हणाले. पाणी प्यायले. थोड्या वेळानं मला हळूच म्हणाले, “म्हंजी आता हूं बी न्हाई?”

“नाही.”

“बिलकूल?”

“बिलकूल नाही, मामा.”

त्या दिवशी त्यांनी एक भाकरी जास्त खाल्ली. मी वाढली. खोटं कशाला सांगू, मलाही वाढताना बरं वाटलं.

सभा जवळ आली तेव्हा शिवमूर्ती घरी आला. हा युनियनचा नवा अध्यक्ष, आडतीतल्याच एका हमालाचा शिकलेला मुलगा, कपाळाला भस्म, बोलणं थोडं. बसला आणि सरळ म्हणाला, “काका, यंदा बजरंगअण्णांना हाय म्हणता येणार न्हाई. त्यांच्यासाठी उठायचा हक्क तुमचाच. तुमी उठला न्हाईत तर विसावा आपोआप बंद. ठराव नको, भांडण नको. तुमाला काई करायचं न्हाई. नुसतं गप बसायचं.”

मामा म्हणाले, “गप बसायला जन्मभर शिकलोय बाबा.”

शिवमूर्ती गेला तसा बालाजी म्हणाला, “बाबा, सोडू नका. ह्या खेपी सुटला तर पुना घावत न्हाई.” मीही तेच म्हटलं, त्याहून जरा तिखट. मामांनी नुसती मान डोलावली. पण बसण्याची ढब बदलली. खाटेवर ताठ बसले. आता बजरंगचं सगळं त्यांच्या तोंडावर अवलंबून होतं, आणि हे सगळ्या यार्डाला माहीत होतं. दोन दिवसांत घरासमोरून जाणारा जो तो थांबून विचारू लागला, “काय दगडूतात्या, काय ठरलं?” इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं विचारलं नव्हतं.

मग अंजूचा फोन आला. “दगडूकाका, बाबांना तुम्हाला बघायचंय. येऊन जा एकदा.” मी म्हटलं, जायचं काही कारण नाही. मामा म्हणाले, जायचं. त्याला बिनआवाजाचा बघायचाय.

अहमदपूर, लोहा करत एस.टी.नं आम्ही नांदेडला गेलो. अंजूचं घर बघून माझं डोकं उठलं. जिन्याला स्टीलचा कठडा, स्वयंपाकघरात ओट्याखाली बंद कप्पे, भिंतीला छातीपर्यंत टाइल. हे सगळं सहन केलं असतं. पण आतल्या खोलीत एक मोटारीचं शिलाई मशीन होतं, चांगल्या कंपनीचं, आणि त्याच्यावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग रचलेला. “शिवता का हो?” मी विचारलं. “नाही हो, लग्नात आलेलं. कोण शिवतंय आता?” म्हणाली. पायानं मशीन मारून मारून माझे गुडघे गेलेत. मला त्या मशीनला मिठी मारून रडावंसं वाटलं आणि अंजूच्या झिंज्या ओढाव्याशा वाटल्या, दोन्ही एकदम.

बजरंग पलंगावर बसला होता. वाळलेला, गळ्याला मऊ रुमाल, श्वासाबरोबर रुमालाखालून शिट्टीसारखं काहीतरी वाजत होतं. मामांना बघून हसला. दात सगळे होते. त्यानं पलंगावर हात थापटला, मामा शेजारी बसले. तो ओठ हलवून काहीतरी म्हणाला. अंजू म्हणाली, “बाबा म्हणतात, दगड्या, तेवढं एक हाय म्हण.”

मामा कान पुढं करून म्हणाले, “जरा मोठ्यानं बोल की बजरंग. ऐकू येईना.”

मला मामांचा राग आला आणि अभिमानही वाटला. बजरंगनं मात्र मामांच्या पाठीवर थाप मारली आणि आवाज न करता पोट धरून हसला. मामांचा चेहरा पडला. टोमणा मारूनही तो माणूस वरचढ राहिला होता.

निघताना अंजूनं मला बाजूला घेतलं. तिचा आवाज बदलला होता. “सिंधुताई, आम्हाला पैशाची अडचण नाही. पण बाबा जावयाच्या घरात आहेत. महिन्याला त्यांचं स्वतःचं काहीतरी येतं, त्यातून नातवाला खाऊ आणतात, भाजी आणतात, म्हणून मान वर करून जेवतात. ते बंद झालं तर ते जेवायचेच बंद होतील. त्यांचं औषधपाणीसुद्धा ते त्यातूनच करतात, आमच्याकडून घेत नाहीत.”

‘औषधपाणी’ शब्द ऐकला आणि माझ्या तोंडून गेलं, “औषधपाण्याचा फंड होता की आमचाही, अंजूताई.” माझा रोख तिला खरंच कळला नाही. केस तिला माहीत होती, पण तिच्या लग्नात कुणाचा खांदा गेला हे तिला कुणी सांगितलंच नसावं. तिनं मला ब्लाउजपीस दिला, चांगला होता, मी घेतला.

परतीच्या एस.टी.त मामा लोह्याला उतरून पाणी पिऊन आले. मग म्हणाले, “दात बघितलीस? एक बी पडला न्हाई.”

“काय ठरवलं मामा?”

“बघू.”

दुसऱ्या दिवसापासून एक नवीनच प्रकार सुरू झाला. मामा अंघोळीला बसले की मोरीतून आवाज यायचा. “हाय.” पाणी ओतल्याचा आवाज. मग जरा मोठ्यानं, “हाय.” मग घसा साफ करून, पोट आत ओढून, “हाऽय!” मी पोळ्या लाटता लाटता ऐकत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. “मामा, तुम्हाला गप बसायचंय ना? मग हे काय करायलाव?”

“काई न्हाई. घसा धरलाय.”

मला कळायचं ते कळलं. गप्प बसले तर बजरंगचा विसावा जातो, हे त्यांना हवं होतंच. पण गप्प बसलेल्या माणसाकडं कोण बघतं? आणि सगळ्या यार्डासमोर, बजरंगच्या नावावर, बजरंगच्या जागी उभं राहून, बजरंगपेक्षा मोठ्यानं ‘हाय’ म्हणायची संधी आयुष्यात एकदाच आली होती. एकाच माणसावरचं जळणं त्यांना दोन बाजूंना ओढत होतं. मी त्यांना नवा सदरा शिवला, पांढरा, कॉलर कडक. काय करायचं ते करा, पण नीट दिसा, म्हटलं.

सभेच्या दिवशी शेड भरलं होतं. आम्ही बाया मागं, धान्य झाडणाऱ्या-वेचणाऱ्यांच्या घोळक्यात. मामा मधल्या रांगेत. बजरंग पहिल्या रांगेत, रुमाल बांधून, शेजारी अंजू. लोक येऊन त्याच्या पाया पडत होते. माझ्या शेजारची बाई म्हणाली, “बिचारा.” मी म्हटलं, “कोण?”

नावं सुरू झाली. पहिलं रामकिशनचं, म्हातारा काठी टाकून उठला, हात वर, “हाय!” आणखी एक-दोन झाली. मग शिवमूर्तीनं बजरंगचं नाव घेतलं.

बजरंग उठला. उजवा हात सरळ डोक्याच्या वर नेला, ताठ, पूर्वीसारखा. तोंड उघडलं. गळ्यातून नुसती हवा वाजली. सगळं शेड त्या हवेकडं कान लावून बसलं होतं. डोळ्यांसमोर जिवंत माणूस उभा आहे, हात वर आहे, पण आवाज नाही. शिवमूर्ती खाली बघून म्हणाला, “नियमाला आवाज लागतो. जोडीदार?”

मामा हलले नाहीत. मी पदर मुठीत धरला. बजरंगनं मागं वळून बघितलं नाही, हात तसाच वर. शिवमूर्तीनं घाईनं पुढच्या नावासाठी तोंड उघडलं आणि मामा उठले.

“हाऽय!”

पत्र्यावरचे पारवे उडाले. मी त्यांचा तसा आवाज कधी ऐकला नव्हता. मोरीतला तो नव्हताच. सगळ्या माना वळल्या. मामांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांचा सगळा राग तेवढ्यापुरता विसरायला झाला. कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवातही केली.

“हात, काका,” शिवमूर्ती म्हणाला.

मामांनी उजवा हात उचलला. खांद्यापर्यंत आला आणि थांबला.

मुंढा मी ढिला ठेवला होता. दरवेळी ठेवते. इतके दिवस आम्ही घरात, दारात, यार्डात एकच बोलत होतो, मामा हाय म्हणतील की नाही. हाताचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“वर, काका. डोक्याच्या वर.”

“ह्याच्यावर जात न्हाई,” मामा म्हणाले. आवाज अजून तसाच मोठा होता. “का जात न्हाई, ते बजरंगला इचारा.”

टाळी थांबली. आता माना बजरंगकडं वळल्या. हरभऱ्याची थप्पी, तो उन्हाळा, रिकामा फंड आणि नांदेडचं लग्न, जुन्यांपैकी कोणाला आठवत नव्हतं? तरुण पोरांना माहीत नव्हतं, ती शेजाऱ्यांना विचारू लागली आणि शेजारी सांगू लागले. कुजबुज मागपर्यंत आली. अंजूनं शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी विचारलं, त्यानं सांगितलं, आणि तिनं खाली घातलेली मान मग वर केली नाही. बजरंगकडं बोलायला आवाज नव्हता. त्याचा हात मात्र अजून वर होता. तो त्यानं हळूहळू खाली घेतला.

“एकाचा हात हाय, एकाचा आवाज हाय,” रामकिशन बसल्या जागेवरून म्हणाला. “दोघं मिळून भागवा की.” एक-दोघं हसले, बाकीचे हसले नाहीत.

बजरंग रांगेतून बाहेर आला. खुर्च्या धरत धरत मामांपाशी पोचला. समोर उभा राहिला, जरा वाकला, आणि आपला तळवा मामांच्या उजव्या कोपराखाली घातला. पोत्याच्या टोकाखाली घालतात तसाच, बोटं आत वळवून. मामांनी हात मागं घेतला नाही. दोघांनी पायही फाकवले, सवयीनं. शेडमध्ये जितके हमाल होते तितक्यांना कळलं आता काय होणार ते. हे उचलायचं होतं, जोडीनं, आणि उचलायला हूं लागतं.

बजरंगचे ओठ आवळले गेले, छाती फुगली. रुमाल हलला. काहीच आलं नाही. त्यानं पुन्हा केलं. मग त्यानं मान वर करून मामांकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं हे मागून मला दिसलं नाही. पण तो थांबला होता, आणि मामांच्या हूंसाठी थांबला होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. जन्मात पहिल्यांदा त्या जोडीत हूं मामांनी म्हणायचं होतं.

मामांचं तोंड अर्धवट उघडलं. मी बघत होते. मग मिटलं.

बजरंग बराच वेळ कोपर धरून उभा होता. मग त्यानं ते सावकाश खाली सोडलं, धक्का न लागू देता, आणि परत जाऊन आपल्या जागेवर बसला.

शिवमूर्ती म्हणाला, “हात वर गेला न्हाई. पुढचं नाव.”

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. अंजूचं ते मशीन, ते पंखे, तो घोडा, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी मनात म्हटलं, बरं झालं. तो आनंद फाटकापर्यंतही पुरला नाही, हे निराळं.

फाटकाबाहेर रसवंती होती. मामांना घाम फुटला होता, मी त्यांना बसवलं, रस सांगितला. त्यांनी डाव्या हातानं ग्लास धरला आणि बराच वेळ प्यायलेच नाहीत. लोक जाता जाता त्यांच्याकडं बघत होते. काहीजण म्हणत होते, “दगडूतात्या, बरी जिरवली.” मामा कुणाकडं बघत नव्हते.

मला राहवेना. “मामा, हाय तर म्हणालात. एवढं मोठ्यानं म्हणालात. मग हूं का नाही म्हणालात? त्याचा विसावा बंद करायचा होता म्हणून?”

मामांनी ग्लास बाकावर ठेवला. छाती थोडी फुगवली, तोंड उघडलं, आणि तसंच मिटून घेतलं. मान हलवली.

“न्हाई गं सिंधु,” ते म्हणाले. “सगळी कान लावून बसलती. त्याच्यासारखं जमलं नसतं.”